रुपया, घटना आणि सहा वर्षांचा एक पक्ष

(अंबड येथे तरुणांच्या रविवारच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

 

मागच्या महिन्यात आपल्या ग्रुपवर दोन रात्री जो वाद चालला, त्याचं उत्तर म्हणून मला इथे उभं केलंय. वाद काय होता ते सगळ्यांना आठवतंय. "आपला पक्ष पाहिजे" असं एकाने लिहिलं. दुसरा म्हणाला, छोटे पक्ष म्हणजे मतं खाण्याची मशीन. तिसऱ्याने विचारलं, "आपला म्हणजे कोणाचा? मुसलमानांचा, की चुंचाळ्यात कंत्राटावर राबणाऱ्या सगळ्यांचा?" त्या तिसऱ्याच्या प्रश्नावर कुणी बोललंच नाही, थेट गुड नाइटचे मेसेज सुरू झाले. मी आज त्याच प्रश्नाबद्दल बोलणार आहे. पण सरळ तिथे जाता येत नाही, रुपयावरून जावं लागतं.

मी इतिहासाचा माणूस नाही. इंजिनिअरिंग केलं, कोड लिहून पोट भरतो. या विषयाकडे मी आलो नोव्हेंबर २०१६ मध्ये, आणि तेही अब्बांमुळे. अब्बा तेव्हा इथल्याच एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर होते. पगार रोख, हातात. ८ नोव्हेंबरच्या रात्री नोटा बंद झाल्या आणि त्या आठवड्यात कंत्राटदाराने अचानक उदार होऊन दोन महिन्यांचा पगार आगाऊ दिला. सगळा जुन्या पाचशेच्या नोटांत. घ्यायचं तर घ्या, नाहीतर थांबा. अब्बांनी घेतला. मग तीन दिवस रांगेत उभे राहिले, त्या तीन दिवसांचा खाडा पडला, आणि खाड्याचे पैसे पुढच्या हिशेबात कापले गेले.

त्याच दिवसांत एक मेसेज फिरत होता, तुम्हालाही आला असेल. "दर दहा वर्षांनी चलन बदलावं असं डॉ. आंबेडकरांनी आपल्या ग्रंथात लिहून ठेवलंय." पुस्तकाचं नावही दिलेलं होतं: द प्रॉब्लेम ऑफ द रुपी. मला सवय आहे, कुणी म्हटलं डॉक्युमेंटेशनमध्ये असं लिहिलंय, तर मी डॉक्युमेंटेशन उघडतो. पुस्तक उघडलं. दर दहा वर्षांनी नोटा बदला असं वाक्य मला त्यात कुठेही सापडलं नाही. जे सापडलं ते जवळजवळ उलटं होतं. पैसा निर्माण करणाऱ्याच्या हातात मोकळी मर्जी असू नये, असं ते अख्खं पुस्तक सांगतं.

हे पुस्तक १९२३ मध्ये लंडनला छापलं गेलं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या डॉक्टरेटचा हा प्रबंध. आंबेडकर तेव्हा बत्तिशीत होते, म्हणजे इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या वयाचे. विषय किचकट आहे, पण गाभा दोन मिनिटांत सांगता येतो.

आपला रुपया मुळात चांदीचा. चांदी टांकसाळीत न्या, तिचे रुपये पाडून घ्या, असा रिवाज होता. १८७३ च्या सुमारास युरोपातले देश चांदी सोडून सोन्याकडे वळले, चांदी घसरली आणि तिच्याबरोबर रुपयाही. मग १८९३ मध्ये सरकारने लोकांसाठी टांकसाळ बंद केली. त्यानंतर रुपये किती पाडायचे हे सरकार ठरवणार, आणि पौंडाशी त्याचा भावही सरकारच सांभाळणार. या व्यवस्थेला सुवर्ण विनिमय पद्धत म्हणत. केन्स हे नाव तुमच्यातल्या कॉमर्सवाल्यांना माहीत असेल. त्या केन्सने १९१३ च्या आपल्या पुस्तकात या पद्धतीची तरफदारी केली होती. आंबेडकरांनी तिच्यातला दोष दाखवला. रुपये पाडण्यावर जर बाहेरचं कुठलंच बंधन नसेल, तर सरकारला अडचण आली की सरकार रुपये पाडणार. भाव चढणार. आणि चढलेल्या भावाचं ओझं पडणार त्याच्यावर, ज्याची मजुरी भावाच्या मागे धापा टाकत येते. आमच्या धंद्यात याला म्हणतात अ‍ॅडमिन पासवर्ड एकाच माणसाकडे आणि लॉग कुठेच नाही. माणूस भला असेल तोवर सिस्टिम छान चालते.

पुस्तकातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रुपया घसरला की निर्यातदार खूश होतो, त्याला वाटतं परदेशातून नफा आला. आंबेडकर विचारतात, हा नफा नक्की कोणाच्या खिशातून आला? त्यांचं उत्तर असं की तो देशातल्याच मजुराच्या खिशातून आला. वस्तूंचे भाव वाढले आणि मजुरी तेवढी वाढली नाही, तो फरक म्हणजे नफा. १९२० च्या दशकात हा वाद पेटला होता. रुपया १ शिलिंग ४ पेन्स ठेवायचा की १ शिलिंग ६ पेन्स? म्हणजे एका पौंडाला १५ रुपये, की १३ रुपये ५ आणे ४ पै? मुंबईच्या व्यापारी-गिरणीवाल्या वर्गाला स्वस्त रुपया हवा होता आणि त्याला राष्ट्रहिताचं नाव दिलं गेलं होतं. त्या गोंगाटात मजुरीचा हिशेब मांडणारा हा अर्थशास्त्री डबक चाळीतल्या मजुरांत वाढलेला होता, हा योगायोग नसावा.

आणखी एक मेसेज फिरतो, तोही जरा तपासू. "रिझर्व्ह बँक आंबेडकरांनी स्थापन केली." हिल्टन यंग आयोगापुढे त्यांची साक्ष १५ डिसेंबर १९२५ रोजी झाली, हे खरं. त्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ ला बँक सुरू झाली, हेही खरं. पण आंबेडकरांची मुख्य मागणी होती की रुपये पाडणं साफ बंद करा आणि सोन्याचं नाणं सुरू करा. ती आयोगाने मानली नाही. सोन्याच्या नाण्याचं मलाही आज पटत नाही. पण बाबासाहेबांना मोठं करायला आपल्याला खोट्याची गरज नाही, एवढंच म्हणतो.

आता पक्षाकडे येतो.

ऑगस्ट १९३६. आंबेडकरांनी पक्ष काढला, नाव ठेवलं स्वतंत्र मजूर पक्ष. आदल्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, आपल्याच जिल्ह्यात येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली होती. काळारामाचा सत्याग्रह त्यांनी १९३० मध्ये सुरू केला तोही इथून दहा-बारा किलोमीटरवर, पंचवटीत. म्हणजे त्या वेळी अस्पृश्यांच्या नावाने पक्ष काढला असता तर कुणालाच नवल वाटलं नसतं. त्यांनी नाव घेतलं मजुराचं.

कार्यक्रम वाचा. शेतकऱ्याला कर्ज मिळावं म्हणून भूतारण बँका, उत्पादकांच्या सहकारी संस्था, खरेदी-विक्री संघ. जमिनीचे तुकडे होत चाललेत, म्हणून नवे उद्योग आणि तंत्रशिक्षण. लोकांच्या हितासाठी गरज पडेल तिथे उद्योग सरकारच्या मालकीचे. आणि कारखान्यातल्या कामगारासाठी नोकरीवर घेणं, काढणं, बढती या सगळ्याला कायदा. कामाचे तास ठरलेले, पुरेसा पगार, भरपगारी रजा. १९३६ साली! आज अंबडच्या कुठल्याही शेडमध्ये जाऊन कंत्राटी पोराला विचारा, भरपगारी रजा मिळते का. तो तुमच्याकडे बघून हसेल.

चलनाचं काय, असं तुम्ही विचाराल. चलन हा दिल्लीचा विषय, मुंबईच्या विधिमंडळाला त्याला हात लावता येत नव्हता. खरं तर दिल्लीच्या कायदेमंडळाचेही हात बांधायची तरतूद होती. १९३५ च्या कायद्यातलं १५३ वं कलम म्हणतं की नाणी, चलन किंवा रिझर्व्ह बँकेची रचना यांना स्पर्श करणारं कुठलंही विधेयक गव्हर्नर जनरलच्या आगाऊ मंजुरीशिवाय मांडताच येणार नाही. हे कलम वाचलं तेव्हा मला रुपयाचं पुस्तक आणि घटनेचं राजकारण यांचा सांधा दिसला. मत देण्याचा हक्क द्यायचा, मंत्री होऊ द्यायचं, आणि पैशाची किल्ली मात्र आपल्या कमरेला ठेवायची. अशा देशात चलन सुधारायचं तर आधी घटना सुधारायला हवी.

फेब्रुवारी १९३७ च्या निवडणुकीत पक्षाने १७ उमेदवार उभे केले, १४ निवडून आले. सभागृह १७५ जणांचं. आपल्या नाशिकमधून दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे भाऊराव गायकवाड गेले, म्हणजे आपले दादासाहेब गायकवाड. पक्षाचे चित्रे, परुळेकर, टिपणीस हे लोक अस्पृश्य समाजातले नव्हते. राखीव नसलेल्या जागांवरही पक्ष जिंकला. १४ ही संख्या लहान आहे. पण त्या १४ जणांनी काय केलं ते बघा.

१७ सप्टेंबर १९३७ ला आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. ज्यांचं मूळ कोकणात आहे त्यांना घरात खोत हा शब्द ऐकून माहीत असेल. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसलेला वसुलीदार. सारा किती, वर वेठ किती, सगळी त्याची मर्जी. खोतांत ब्राह्मण होते, मराठे होते आणि मुसलमानही होते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याला आपल्या लोकांची बाजू घ्यायची खोड आहे, तेव्हा विचारावं लागतं की आपले म्हणजे खोत की कूळ. १० जानेवारी १९३८ ला हजारो कुळं मुंबईत विधिमंडळावर चालून आली. विधेयक मंजूर झालं नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, पक्ष संपल्यानंतर.

पुढच्याच महिन्यात, १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला, मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. मनमाडला आपण शंभरदा गाडी बदललीय, कुणी सांगितलं होतं का? तिथे आंबेडकर म्हणाले, कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आणि लगेच खुलासा केला की ब्राह्मणशाही म्हणजे अमुक जात नव्हे, स्वातंत्र्य-समता-बंधुता नाकारणारी वृत्ती, ती कुठल्याही जातीत असू शकते. कापड गिरण्यांत वीणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नसत, कारण सूत तोंडाने ओढावं लागे आणि इतर कामगारांना तो विटाळ वाटे. लाल झेंड्याच्या युनियन त्यावर गप्प. कामगार एक आहेत म्हणायचं असेल तर आधी वीणकाम खातं उघडा, हा त्यांचा आग्रह होता.

त्याच वर्षी मुंबईच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणलं. तडजोडीची सक्ती, आणि ती चालू असताना संप केला तर गुन्हा, तुरुंग. आंबेडकरांचा मुद्दा साधा होता. संप म्हणजे काम न करणं. माणसाला काम न करण्याबद्दल तुरुंगात टाकता येत असेल तर त्याला मजूर म्हणू नका, गुलाम म्हणा. ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत एक दिवसाचा संप झाला. ज्या कम्युनिस्टांवर ते टीका करत, त्यांच्याच खांद्याला खांदा लावून. कायदा तरीही झाला. म्हणजे इथेही हार. मी हार लपवत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला, तिथे येतो. १९३७ च्या त्या निवडणुकीत मदनपुऱ्यातला एखादा मुसलमान वीणकर घ्या. स्वतंत्र मजूर पक्षाचा कार्यक्रम त्याला पटलाय. रजा, तास, पगार, सगळं त्याच्याच कामाचं. तो शेजारच्या गल्लीतल्या मजूर पक्षाच्या उमेदवाराला मत देऊ शकत होता का? नाही. मुसलमानांचे मतदारसंघ वेगळे, तिथे उमेदवार मुसलमान आणि मतदारही मुसलमान. कामगारांच्या मोजक्या राखीव जागा सोडल्या तर एकाच मशीनवर, एकाच पाळीत उभी असलेली दोन माणसं मतपेटीपाशी कायद्याने वेगळी केलेली होती. शिवाय मत सगळ्यांना नव्हतंच. मालमत्ता, कर, शिक्षण यांच्या अटी होत्या. मजुरांचा पक्ष काढा म्हणणं सोपं आहे, पण त्या घटनेत मजूर नावाचा मतदार जवळजवळ अस्तित्वातच नव्हता. हिंदू होता, मुसलमान होता, अस्पृश्य होता. आणि सांगायलाच हवं, गोलमेज परिषदेत स्वतंत्र मतदारसंघ मागणाऱ्यांत आंबेडकर स्वतः होते. त्यांची कारणं मला पटतात. पण त्या व्यवस्थेचा मार त्यांच्या पक्षालाही बसला, हे दोन्ही एकत्र लक्षात ठेवायला हवं.

घटनेवर त्यांनी पक्ष चालवतानाच हल्ला केला. २९ जानेवारी १९३९ ला पुण्याच्या गोखले संस्थेत त्यांनी संघराज्याच्या योजनेवर भाषण दिलं. केंद्राच्या खालच्या सभागृहात ३७५ पैकी १२५ जागा संस्थानांच्या, आणि त्या भरणार राजे-नवाब, आपल्या पसंतीने. प्रजेला विचारण्याची गरज नाही. पुन्हा तीच मर्जी, जी त्यांनी रुपयात पाहिली, खोतात पाहिली.

२२ डिसेंबर १९३९ चा उल्लेख कुणीतरी करणारच, म्हणून मीच करतो. काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिल्यावर जिनांनी मुक्तिदिन पाळायला सांगितला आणि आंबेडकर भेंडीबाजारच्या सभेत त्यांच्यासोबत व्यासपीठावर गेले. काही जण हा फोटोसारखा मिरवतात, "बघा, दलित-मुस्लिम एकता!" मला त्यात एकतेपेक्षा दोघांचा एक समान राग दिसतो. मदनपुऱ्याच्या वीणकराला त्या सभेतून काही मिळालं नाही.

मग मार्च १९४२ मध्ये क्रिप्स आले. वाटाघाटी कोणाशी? समाजांशी. काँग्रेस, लीग, शीख, संस्थानिक. अस्पृश्यांच्या हाती त्या योजनेत काहीच नव्हतं. मजुरांचा पुढारी म्हणून त्या टेबलावर खुर्ची मिळत नव्हती. जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झालं आणि स्वतंत्र मजूर पक्ष संपला. जेमतेम सहा वर्षं. रुंद नाव टाकून अरुंद नाव घ्यावं लागलं. हे वाचताना मला वाईट वाटलं होतं. पण त्या जागी दुसरं काय करता आलं असतं, हे मलाही सुचत नाही.

गंमत अशी की पक्ष बुडाला त्याच जुलैमध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यातल्या कामगाराला भरपगारी सुट्टी मिळाली. १९४६ मध्ये आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. १९३६ चा कागद काढून ताडून बघा. आणि पुढे घटना समितीत? सरकारी कर्जाला संसदेने कायद्याने मर्यादा घालावी अशी सोय २९२ व्या कलमात आहे, आणि संसदेने ती गांभीर्याने वापरावी अशी अपेक्षा त्यांनी सभागृहात बोलून दाखवली. महालेखापाल हा घटनेतला कदाचित सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, हेही त्यांनीच सांगितलं. मत सगळ्यांना, आणि एकाच यादीत. मदनपुऱ्याचा वीणकर आणि त्याचा शेजारी १९५२ मध्ये पहिल्यांदा एका रांगेत उभे राहिले.

पैशाची किल्ली मात्र अजून वादातच आहे. रिझर्व्ह बँक कायद्याच्या २६(२) कलमाखाली अब्बांच्या नोटा बाद झाल्या. २ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निकाल देऊन ते योग्य ठरवलं. एकट्या न्यायमूर्ती नागरत्ना म्हणाल्या की प्रस्ताव सरकारकडून आला होता, तेव्हा हे काम अधिसूचनेने नाही, संसदेच्या कायद्याने किंवा अध्यादेशाने व्हायला हवं होतं. मी अब्बांना हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "बेटा, वो सब ठीक है, कंत्राटदाराने खाड्याचे पैसे कापले ते कोणत्या कलमाने?" मला उत्तर देता आलं नाही, कारण त्यांच्याकडे ना नेमणुकीचं पत्र होतं ना पगाराची चिठ्ठी.

तर ग्रुपवरच्या वादाबद्दल. पक्ष काढावा की नाही याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि नगरसेवकाच्या तिकिटासाठी काढायचा असेल तर मला बोलावूही नका. पण तिसऱ्या मित्राच्या प्रश्नाचं माझं उत्तर सांगतो: सगळ्यांचा. १९३७ साली कायद्याने ते करू दिलं नाही. आज कायदा आडवा येत नाही. आज आडवं येतं ते इतकंच की आपण पाथर्डी फाट्यावर सकाळी त्याच रिक्षात बसतो आणि उत्तर भारतातून आलेल्या, विदर्भातून आलेल्या, आपल्याच सिडकोतल्या पोरांना त्यांचा पगार विचारत नाही.

एक काम मी आजपासून सुरू करतोय. आंबेडकरांचं लिखाण राज्य सरकारने खंडांत छापलंय. रुपयाचं पुस्तक सहाव्या खंडात आहे, विधिमंडळातली भाषणं दुसऱ्यात. दुसऱ्यापासून सुरू करू, सप्टेंबर १९३८ चं औद्योगिक कलह विधेयकावरचं भाषण. इंग्रजीत आहे, मी सोबत बसून मराठीत सांगेन. पुढच्या रविवारी, हीच जागा, अकरा वाजता. येताना प्रत्येकाने आपल्या किंवा घरच्या कुणाच्या पगाराची चिठ्ठी आणायची. नसेल तर नाही असं कागदावर लिहून आणायचं, सोबत कुठे काम करतो, कंत्राट कोणाचं, आठवड्याचे तास किती. आणि एक अट, येताना आपल्या मोहल्ल्याबाहेरचा एक जण सोबत हवा.

चहा आलाय. प्रश्न असतील तर चहा घेता घेता विचारा.